नहरीवरची डबल सायकल

१९ ऑक्टोबर २०२४

ह्यांच्या डाव्या डोळ्यातही रक्त उतरलं. उजवा तर मागच्याच वर्षी गेला. डाव्याने आता खिडकी कुठे आहे एवढं कळतं — उजेडाचा एक डाग. बाकी काही नाही.

नागपूरच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. साखरेमुळे पडद्यावरच्या बारीक नसा फुटतात. थोडे दिवस वाट बघायची, रक्त आपोआप ओसरतं का ते. नाही ओसरलं तर ऑपरेशन. पण एवढ्या साखरेवर मी डोळ्याला हात लावणार नाही म्हणाले. आधी साखर खाली आणा. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, जोर करायचा नाही. पण बसूनही राहायचं नाही. रोज चालायचं.

येताना ह्यांच्याच जुन्या एसटी आगाराची गाडी मिळाली. ड्रायव्हर ओळखीचा. गाडी सोडायच्या आधी मुद्दाम सीटपाशी आला, "जयभीम उकंडाभाऊ" म्हणाला. ह्यांनी हात जोडले — खिडकीकडे तोंड करून. तो पोरगा दुसऱ्या बाजूला उभा होता. मग रस्ताभर हे गप्प. आर्णीला फक्त म्हणाले, "पूल आला." खरंच आला होता.

घरी पोचल्यावर म्हणाले, "लाइट लाव न."

लाइट लागलेलाच होता. मी बटण बंद केलं, परत चालू केलं. नुसता आवाज व्हावा म्हणून.

२१ ऑक्टोबर

हात धरून बाजार समितीच्या रस्त्याने फिरायला नेलं. नेऊ नये तिथे नेलं. सोयाबीनचे ट्रॅक्टर एकामागे एक, मध्येच मोटरसायकली, कुठूनही घुसतात. मागून एका ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न दिला तसे हे रस्त्याच्या मधोमध थिजले. मी हात ओढते आहे आणि हे हलतच नाहीत. सगळी जिंदगी स्टेअरिंगवर काढलेला माणूस! टपरीवरचे लोक उठून बघायला लागले.

घरी आल्यावर चपला कोपऱ्यात भिरकावल्या. म्हणाले, "मले बैलावानी हाकलत नेऊ नोको. मी आता कोठी जात नाई."

२६ ऑक्टोबर

साखर वाढलेलीच. खाटेवरून उठत नाहीत. रेडिओ लावला तर बंद कर म्हणतात.

३ नोव्हेंबर

दिपाली सुट्टीवर आली आहे. नागपूरला नर्स आहे, दिवसभर पेशंट बघते, पण बापाला असं पडलेलं बघून स्वयंपाकघरात येऊन रडली. मग तोंड धुऊन बाहेर गेली आणि भांडायला लागली. बाप-लेकीचं असंच आहे.

संध्याकाळी तिने मला मोबाइलवर काहीतरी दाखवलं. कुठला तरी परदेश. समुद्राकाठची सपाट दलदल, दोन्हीकडे गवत नि पाणी, मधून नुसता सायकलींचा रस्ता — एक गाडी नाही. आणि त्या रस्त्याने एक म्हातारा-म्हातारी एकाच लांबलचक सायकलवर चाललेले. दोन सीटा, पायडलच्या दोन जोड्या. पुढचा चालवतो, मागचा नुसता पाय मारतो.

मी म्हटलं, आपल्याकडे कुठला समुद्र.

"नहर आहे न माय," दिपाली म्हणाली.

खरं आहे. धरणाच्या नहरीवरचा, कालव्याच्या काठाचा, रस्ता. पाटबंधारेवाल्यांनी दोन्ही तोंडांना लोखंडी खांब गाडलेत, ट्रॅक्टर-टिप्पर आत येऊ नयेत म्हणून. माणूस, म्हैस, सायकल तेवढी जाते. चढ नाही, उतार नाही. एका अंगाला नहर, दुसऱ्या अंगाला जुन्या तलावाची पाणथळ, पार लांबपर्यंत.

तिने डॉक्टरांना फोनही लावला. ते म्हणाले, सपाटीवर, हळू, पडायचं नाही — चालेल.

ह्यांना सांगितलं तर उठून बसले. रागाने का होईना, बसले तरी. "बाईच्या मांगं बसू मी? गावात तोंड कसं दाखवू?"

दिपाली म्हणाली, "लोकं पाह्यतील तुम्हाले, पन तुम्हाले थोडंच दिसनार आहे बाबा."

मग ह्यांच्या मिशा हलल्या. हसले! तोंड फिरवून घेतलं, पण मी पाहिलं.

११ नोव्हेंबर

वेल्डिंगवाल्या रोशनने सायकल आणून दिली. दिपालीने जाण्याआधी त्याला तो मोबाइलमधला फोटो दाखवून ठेवला होता. दोन जुन्या सायकली कापून एक केली आहे. मधला दांडा भलताच लांब. एक अर्धी काळी, एक अर्धी हिरवी. रोशन म्हणाला, काकू, दोन्ही ब्रेक तुमच्याच हाती ठेवलेत, मागच्याला फक्त धरायला हँडल आहे.

गल्लीतली सगळी पोरं गोळा. ह्यांनी खाटेवरून उतरून सायकल हाताने चाचपून पाहिली, समोरून मागेपर्यंत, बस तपासायचे तशी. मागच्या सीटवर हात जरा जास्त वेळ ठेवला.

मी सायकल चालवायचे ती शाळेत असताना. मारेगावकडे, माहेरी. भावाची सायकल, दांड्याखालून पाय घालून. लग्नानंतर कधीच नाही. इतक्या वर्षांनी मला कोण म्हणालं होतं की येईल!

१२ नोव्हेंबर

आलं नाही. नहरीवर नेली, बसले, आणि सरळ बेशरमीच्या झुडपात गेले.

१४ नोव्हेंबर

आलं!

पहाटेच्या गारव्यात एकटीच गेले होते. नहरीवर कोणी नाही. प्रचाराच्या गाड्यांचे भोंगे गावातच राहिले, खांबांच्या अलीकडे. पहिल्यांदा लांबडी सायकल वळवळली, मग वेग आला तशी सरळ झाली. कानात वारा. पाणथळीवर पातळ धुकं बसलेलं, त्यातून पाणकणसाचे तपकिरी दांडे वर आलेले. मी ओरडले. काय ओरडले ते माहीत नाही. नुसतं ओरडले.

तर झुडपामागून बिजलीबाई उठून उभी! तांड्यावरची, म्हशी चारायला आणते तिथे. माझ्या अंगणवाडीत तिची नातवंडं होती. तिने तिच्या बोलीत "याडी", म्हणजे आई गं, म्हणून तोंडावर हात ठेवला. मला लाज वाटली. पण तिला वाटली नाही — येऊन मागच्या सीटवर हातच ठेवला. भाऊले बसवायच्या आधी मले बसवून पाह्य म्हणाली, मी पडली त काही बिघडत नाई.

मग तिला बसवलं. पायडल मारायचं सोडून ती पाय वर धरून बसली आणि सारखी हसत राहिली. पण पडलो नाही.

१७ नोव्हेंबर

आज हे आले.

खांबांपर्यंत सायकल हातात धरून चालवत नेली, हे माझ्या खांद्यावर हात ठेवून मागे. अंधार होता अजून, मुद्दाम. बसवलं. निघाले. आणि लगेच सायकल जड! पुढे जाईचना. वळून बघते तर ह्यांचा उजवा पाय पायडल दाबून धरून बसलेला. ब्रेक! बसमध्ये असतो तिथेच.

मी म्हटलं, पाय सोडा.

"सोडलाच आहे," म्हणाले.

पुन्हा निघालो. पुन्हा तेच. जरा खड्डा आला, सायकल हलली, की पाय दाबला जातो. त्यांच्या हातात नाही ते. मध्येच ओरडले, "साइड दे! साइड दे त्याले!" कोणाला साइड द्यायची? टिटवी ओरडत होती.

लवकरच परत फिरलो. दोघंही घामाघूम. मला वाटलं, आता उद्या नाही म्हणतील. जेवताना म्हणाले, "चेन ढिली आहे. रोशनले सांगजो."

२० नोव्हेंबर

मतदान करून आलो, मग नहर. आज पाय एकदाही दाबला नाही — नाही, एकदा. म्हैस ओरडली तेव्हा.

२४ नोव्हेंबर

ह्यांनी विचारायला सुरुवात केली आहे.

आधी कामापुरतं. समोर काय आहे, वळण आहे का, पाणी किती आहे. मी सांगायचे — सरळ आहे, नहरीत पाणी सोडलंय, भरून चाललंय. मग आज म्हणाले, "उजव्या अंगाले काय आवाज आहे?" मी बघितलं. बदकं. शंभर तरी असतील, पाण्यावर काळे ठिपके. म्हटलं, बदकं.

"कशी आहेत?"

कशी म्हणजे? मग सायकल हळू केली आणि बघून बघून सांगितलं. डोकं तांबूस, पाठ करडी. काही शेपटी वर करून डोकं पाण्यात घालतात. एक बाजूला एकटंच पोहतंय. पलीकडे शिंगाडेवाल्यांची डोंगी आहे, त्यात एक बाई वाकून वेल वर ओढते आहे. बगळे दोन प्रकारचे — मोठे उभे आहेत, लहान चालताहेत.

हे ऐकत होते. मी थांबले की म्हणायचे, "मंग?"

ह्या माणसाने लग्न झाल्यापासून मला कधी मंग म्हटलं नव्हतं. पहाटेची ड्यूटी, रात्रीची मुक्कामी गाडी, आल्यावर जेवण आणि झोप. तक्रार नाही करत. तसंच होतं सगळ्यांच्या घरी. पण आज मी बोलत होते आणि कोणी ऐकत होतं. घसा दुखेपर्यंत बोलले.

२९ नोव्हेंबर

साखर खाली आली आहे. थोडी. दिपालीला फोन केला तर ती फोनवरच नाचली असावी.

३ डिसेंबर

देवीलाल येऊन गेले. ह्यांचे कंडक्टर. पांढरकवड्याला असताना झरी जामणीच्या मुक्कामी गाडीवर दोघं बरोबर होते. माणूस वाईट नाही, पण जीभ थांबत नाही. चहा पितापिता म्हणाले, "काय भाऊ, स्टेअरिंग वहिनीले देऊन टाकलं म्हनते? आता घंटी मी मारू का ती बी त्याच मारतात?"

हे हसले. देवीलाल गेले आणि हसू पुसलं गेलं.

४ डिसेंबर

अंग दुखतं म्हणाले. गेलो नाही.

५ डिसेंबर

गेलो नाही.

७ डिसेंबर

आज मी एकटीच निघाले. बोललेही नाही काही, सायकल काढली आणि फाटकाबाहेर नेली. मागून खाट करकरली. "थांब न," म्हणाले. चपला सापडेनात तर अनवाणीच आले.

रस्त्यात मी म्हटलं, लोक काही म्हणाले तर?

म्हणाले, "नहरीवर लोक नाईत. म्हनूनच त येतो."

१५ डिसेंबर

पडलो.

बिजलीबाईची म्हैस झुडपातून एकदम रस्त्यावर आली. मी ब्रेक दाबले, सायकल तिरकी झाली, आणि आम्ही दोघं उतारावरून खाली — पाणथळीत. मऊ गाळ. मी कमरेपर्यंत, हे बसल्या जागी, सायकल आमच्या अंगावर. मला एकच दिसत होतं, त्यांचा डोळा. डॉक्टर म्हणाले होते, पडायचं नाही. मी "डोळा, डोळा" एवढंच म्हणत राहिले.

आणि हे हसायला लागले. आधी बारीक, मग पोट धरून. चेहऱ्यावर चिखल, मिशांना शेवाळ. म्हणाले, "नवीन होतो तवा म्या बी गाडी अशीच शेतात घातलती. पॅसेंजरसकट!"

बिजलीबाईने दोघांना हात देऊन वर काढलं आणि म्हशीला शिव्या दिल्या. घरी येऊन दिपालीला फोन. तिने मला असं झापलं की मी लहान पोरीसारखी ऐकून घेतलं. संध्याकाळपर्यंत ह्यांच्या खिडकीचा डाग तसाच होता, कमी नाही झाला. सुटले.

पण त्यांचं ते हसणं कानातून जात नाही.

२२ डिसेंबर

आज जे झालं ते लिहावं की नाही कळत नाही.

धुकं होतं. समोरचे दोन हात सोडले तर काही दिसत नव्हतं, म्हणून मी सांगतही नव्हते. नुसती चेन वाजत होती. मागून आवाज आला, "काल सपनात तू दिसली."

असं काही बोलायची सवयच नाही आम्हाला.

"सपनात अजून दिसते मले सगळं. रस्ते दिसतात, गाड्या दिसतात. पन तू दिसली ते लग्नातली. आताचं तोंड आठवून पाह्यलं, त येतच नाई. लय वेळ पडून आठवत होतो."

रस्ता दिसेनासा झाला. धुक्याने नाही. मी ब्रेक दाबून सायकल थांबवली. काहून थांबली, हे विचारू लागले. मी म्हटलं, चेन उतरली.

"चेन उतरली असती त माह्या पायाले कळलं असतं," म्हणाले.

मग दोघंही तसेच उभे राहिलो. कुठेतरी पाणकोंबडी कुरकुरत होती. मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर बहुतेक दोघांनाही पुढे बोलता आलं नसतं. थोड्या वेळाने त्यांनीच पायडलला रेटा दिला, आणि आम्ही निघालो.

१० जानेवारी २०२५

नागपूर. साखर आटोक्यात आली आहे, डॉक्टर खूश. रक्त मात्र ओसरलं नाही. ऑपरेशनची तारीख मिळाली — येत्या गुरुवारी. डोळा परत येईल का, विचारलं. पडदा चांगला असेल तर बऱ्यापैकी येईल म्हणाले. गाडी चालवण्याइतका नाही, पण येईल.

दिपालीने तिथेच मिठी मारली. हे पूर्ण रस्ता बोलत होते. माझ्याशी, शेजारच्याशी, कंडक्टरशी.

आणि मी?

इथे तरी खरं लिहिते. आनंद झाला. खूप झाला. पण त्याच्या खाली काहीतरी बसलंही. ह्यांना दिसायला लागलं की हे पुढच्या सीटवर जातील. जाणारच. मग मला कोण विचारणार, काय आहे म्हणून? दिसणाऱ्या माणसाला बायकोने बदकं कशाला सांगायची?

किती वाईट बाई आहे मी. नवऱ्याचा डोळा येतोय आणि मला सीटची पडली आहे.

विहारात जाऊन बसले थोडा वेळ. हलकं नाही वाटलं.

१६ जानेवारी

झालं ऑपरेशन. बराच वेळ लागला. डोळ्यावर पट्टी. डोळ्यात हवा भरली आहे म्हणे, पडदा जागेवर बसावा म्हणून. आता पालथंच राहायचं — झोपताना, बसताना, जेवतानाही मान खाली.

१७ जानेवारी

सकाळी पट्टी काढली. मान वर करायची नाही, म्हणून मीच खाली फरशीवर बसले, तोंडासमोर. ह्यांनी बराच वेळ डोळा बारीक करून पाहिलं. पाण्यातून पाहिल्यासारखं दिसतंय म्हणाले. मग हात पुढे करून माझ्या कानामागे केस सारले.

"तूच आहेस न?"

मी हो म्हटलं.

"लग्नातली नाई आता," म्हणाले. आणि हसले.

२ फेब्रुवारी

दिपालीच्या खोलीवरून घरी आलो. डोळ्यातल्या हवेचा फुगा दिवसेंदिवस लहान होतो आहे. त्याच्या वरून दिसतं, खाली गढूळ. ह्यांना वाचता येत नाही, पण माणूस ओळखता येतो. कपात चहा किती आहे ते कळतं. काल स्वतः दाढी केली.

हादरे बसू द्यायचे नाहीत, म्हणून सायकल टिनाखाली उभी. महिनाभर तरी नाही, डॉक्टर म्हणाले.

११ फेब्रुवारी

देवीलाल रोज येतात. हे त्यांच्याबरोबर बसस्टँडवर जाऊन बसतात. कोणती गाडी किती उशिरा आली, कोणता ड्रायव्हर कसा वळवतो — तासन्‌तास. चेहऱ्यावर तेज आलं आहे. बघून बरं वाटतं.

आज दिवसभरात मला एकदाही विचारलं नाही, काय आहे म्हणून. विचारायचं कारणच काय?

१९ फेब्रुवारी

सायकल काढून एकटीच गेले. मागची सीट रिकामी असली की सायकल नुसती उडते. पाणी बरंच मागे हटलं आहे. जिथे आम्ही पडलो होतो तिथे आता भेगा. गाळात कोणी टरबुजाचे वेल लावलेत, रांगेने, प्रत्येक वेलाला पळसाच्या पानांचा आडोसा. मध्ये उरलेल्या पाण्यात लांब पायांचे पांढरे पक्षी, चोची चमच्यासारख्या चपट्या, पाणी घुसळत चाललेले — एकदम सगळे डावीकडे, एकदम सगळे उजवीकडे.

बिजलीबाईने रस्त्यात थांबवलं. "कोनाशी बोलून राह्यली वं बाई?"

तेव्हा कळलं, मी मोठ्याने सांगत होते.

९ मार्च

डॉक्टरांची परवानगी मिळाली. हळू, सपाटीवर.

ह्यांनी काल संध्याकाळीच पाना घेऊन पुढची सीट वर केली. स्वतःच्या उंचीची. मला विचारलं नाही. मला विचारायचं असतं हे त्यांच्या मनात आलंच नसणार, ड्रायव्हर पुढेच बसतो. सकाळी मागच्या सीटवर बसले.

मागे बसल्यावर काही करायचं नसतं. नुसते पाय मारायचे. समोर ह्यांची पाठ, पांढरा शर्ट, त्यावर घामाचा डाग मोठा होत गेलेला. चांगली चालवतात. माझ्यापेक्षा चांगली. जरा हात हलत नाही.

टरबुजांचे वेल आले तेव्हा म्हटलं, बघा तिकडे, फुलं लागली आहेत.

"समोर पाह्यू दे," म्हणाले.

ते चमचा-चोचीचे पक्षी उडाले, सगळे एकत्र, डोक्यावरून गेले. पंखांचा आवाज आला. ह्यांनी मान वर केली नाही. मीही काही सांगितलं नाही. दिसतंय की त्यांना आता.

नहरीच्या दुसऱ्या टोकाला, खांबांशी, थांबलो. हे उतरून पाणथळीकडे तोंड करून उभे राहिले. बराच वेळ. मी हाक मारली तरी लगेच आले नाहीत. परत येताना एक शब्द नाही. जेवतानाही नाही. मी विचारलं, डोळा दुखतो का. नाही म्हणाले.

झालं ते बरंच झालं. माणसाला डोळा आला, ह्याहून मोठं काय असतं.

१० मार्च

पहाटे सायकल काढायला गेले तर पुढची सीट खाली. माझ्या उंचीची. हे मागच्या सीटवर हात ठेवून उभे होते.

मी म्हटलं, पुढे बसा न.

"नाई. पुढं बसलो त निरा रस्ताच दिसते. तो लय पाह्यला म्या," म्हणाले. "तू चालव. बाकीचं मले पाह्यू दे."

मी समोर बघून चालवत राहिले. आणि हे मागून सांगत होते — उजव्या अंगाला काय आहे, डाव्या अंगाला काय आहे.

मी म्हटलं, "मंग?"